बरणीतला हिमवर्षाव

(आपल्याकडे न पडणारे हिम घरच्या घरी बरणीत कसे पाडावे आणि ते सावकाश का पडते, हे या पाठात सांगितले आहे.)

तुमच्यापैकी किती जणांनी आकाशातून हिम पडताना पाहिले आहे? हिवाळ्यात काश्मीरला जाऊन आलेले थोडेच असतील. बाकीच्यांनी ते चित्रातच पाहिले असेल. महाराष्ट्रात पाऊस पडतो, कधी गाराही पडतात. पण असा हिमवर्षाव होत नाही. तरीही एक रिकामी बरणी, पाणी, ग्लिसरीन आणि अंड्यांची टरफले एवढ्या सामानावर तुम्हांला हिम पडताना पाहता येईल.

भेटवस्तूंच्या दुकानात तुम्ही काचेचा एक गोल पाहिला असेल. त्यात लहानसे घर किंवा झाड असते. गोल उलटा करून सरळ ठेवला, की आत पांढरे कण भुरभुरू लागतात. त्याला ‘स्नो ग्लोब’ म्हणतात. आपण त्याला हिमगोल म्हणू.

हिमगोल ही जुनी वस्तू आहे. १८७८ साली पॅरिस शहरात मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे पाण्याने भरलेले काचेचे गोळे मांडले होते. त्यांत छत्री धरलेला एक माणूस होता आणि त्याच्यावर पांढरी पूड पडत असे. पण हिमगोलाची खरी प्रसिद्धी झाली ती ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरात. तेथे एर्विन पेर्झी नावाचा कारागीर होता. तो शस्त्रक्रियेची हत्यारे बनवत असे. १९०० च्या सुमारास विजेच्या दिव्याचा प्रकाश वाढवण्याचा प्रयत्न तो करत होता. पाण्याने भरलेला काचेचा गोळा दिव्यापुढे ठेवला, तर प्रकाश एका जागी एकवटतो. जोडे शिवणारे कारागीर ही युक्ती पूर्वीपासून वापरत. प्रकाश आणखी वाढावा म्हणून पेर्झीने त्या पाण्यात निरनिराळे कण टाकून पाहिले. एकदा त्याने रवा टाकला. रवा म्हणजे तुम्ही घरी जिला सूजी म्हणता तीच! प्रकाश काही वाढला नाही. पण भिजलेला रवा हळूहळू खाली बसू लागला. पेर्झीला वाटले, हे तर अगदी हिमासारखे दिसते! त्याने मारियात्सेल या गावच्या चर्चची छोटी प्रतिकृती गोळ्यात बसवली आणि हिमगोल तयार झाला. ही हकिकत त्याच्या घराण्यात आजही सांगतात. ते घराणे व्हिएन्नामध्ये अजून हिमगोल बनवते. त्यातले हिम कशाचे असते, हे मात्र ते कोणाला सांगत नाहीत.

हिम सावकाश का पडते? हिमाचा कण हलका आणि पसरट असतो. त्यामुळे खाली येताना हवा त्याला अडवते. गार जड आणि गोल असते. तिला हवा फारशी अडवू शकत नाही, म्हणून ती वेगाने आदळते. बरणीत हवेचे काम पाणी करते. पाण्यात ग्लिसरीन मिसळले, की ते दाट होते आणि कणांना जास्त अडवते. एक सोपा प्रयोग करून पाहा. एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात साखरेचा पाक घ्या. टरफलाचे दोन सारखे तुकडे एकाच वेळी दोन्ही पेल्यांत सोडा. कोणता तुकडा आधी तळाशी जातो? हिमगोलाचे सारे रहस्य एवढेच आहे.

आता आपण हिमगोल बनवू या.

साहित्य : घट्ट झाकणाची काचेची स्वच्छ बरणी, प्लॅस्टिकचे छोटे खेळणे (झाड, घर किंवा प्राणी), दोन-तीन पांढऱ्या अंड्यांची टरफले, ग्लिसरीन, उकळून गार केलेले पाणी आणि नळाची गळती बंद करण्यासाठी वापरतात ते एम-सील.

कृती :

१. टरफले पाच मिनिटे पाण्यात उकळा. त्यांच्या आतला पातळ पापुद्रा काढून टाका आणि ती उन्हात वाळवा. मग रुमालात गुंडाळून लाटण्याने बारीक करा. तुकडे खसखशीएवढे हवेत. ते चहाच्या गाळणीत घालून पाण्याने धुवा. धुतले नाहीत, तर पिठूळ भुकटीने पाणी गढूळ होते.

२. एम-सीलचे दोन्ही भाग एकत्र मळा. झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध त्याचा लहान उंचवटा करा आणि खेळणे त्यात रोवा. उंचवटा बरणीच्या तोंडातून आत जाईल एवढाच असावा. मग हात साबणाने धुवा. झाकण एक दिवस तसेच राहू द्या.

३. तीन भाग पाण्यात एक भाग ग्लिसरीन मिसळा. बरणी परातीत ठेवून हे मिश्रण काठोकाठ भरा. त्यात दोन चमचे टरफलांचे तुकडे टाका.

४. खेळणे खाली येईल असे झाकण हळूच उलटे करून बरणीवर लावा. खेळणे आपल्याएवढी जागा घेईल, तेवढे पाणी परातीत सांडेल. सांडू द्या. त्यामुळे आत हवा राहत नाही.

५. बरणी उलटी करून पाहा. तुकडे फार लवकर खाली बसले, तर थोडे पाणी काढून ग्लिसरीन वाढवा. मनासारखे झाले, की झाकणाच्या कडा कोरड्या करा आणि बाहेरून एम-सीलने बंद करा. आता बरणी झाकणावर उभी ठेवायची.

काही गोष्टी लक्षात ठेवा. डिंकाने खेळणे चिकटवू नका. डिंक पाण्यात विरघळतो. कागदाचे घर भिजेल आणि लोखंडाचे गंजेल. पेर्झीने रवा वापरला, तरी तुम्ही वापरू नका. रवा पाण्यात फुगतो आणि काही दिवसांनी नासतो. पाणी न उकळता वापरले, तर आत बुडबुडे धरतात.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हिमगोल उन्हात किंवा खिडकीत कधीही ठेवू नका. पाण्याने भरलेली गोल काच भिंगाचे काम करते. म्हणून तर आतले खेळणे आपल्याला मोठे दिसते. पण तेच भिंग सूर्यकिरणांना एका जागी एकवटते. तेथे पडदा किंवा कागद असला, तर तो पेटू शकतो. हिमगोलामुळे घरात आग लागल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. ज्या गुणामुळे पेर्झीने काचेचा गोळा हाती घेतला, तोच गुण असा घातकही ठरतो.

तुम्ही म्हणाल, “हिम हा तर दुसऱ्यांचा ऋतू. आमच्या ऋतूचे काय?” तोही बरणीत बसेल! टरफलांच्या तुकड्यांना लाल नेलपॉलिश लावा आणि पूर्ण वाळू द्या. बरणीत हिरवे झाड ठेवा. झाला मे महिन्यातला गुलमोहर आणि त्याच्या गळणाऱ्या पाकळ्या! तांबूस आणि पिवळे तुकडे केलेत, तर काश्मीरमधल्या चिनाराची पानगळ दिसेल. प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे मात्र घेऊ नका. ते पाण्याहून हलके असतात, म्हणून खाली न पडता वरच तरंगतात. पावसाळा तेवढा बरणीत दाखवता येणार नाही. पाण्यात पाणी कसे दिसणार?

पहिल्याच बरणीतले हिम मनासारखे पडेल असे नाही. एखादी बरणी गळेल, एखाद्या बरणीत पाणी गढूळ होईल. तसे झाले, तर बरणी रिकामी करा आणि कारण शोधा. पेर्झीचा दिवा उजळला नाही. पण तळाशी बसणाऱ्या रव्याकडे तो लक्ष देऊन पाहत राहिला. म्हणून जगाला हिमगोल मिळाला.

शब्दार्थ

हिमवर्षाव – आकाशातून हिम पडणे
प्रतिकृती – हुबेहूब नमुना
एकवटणे – एका जागी गोळा होणे
काठोकाठ – अगदी काठापर्यंत
पानगळ – झाडाची पाने गळण्याचा काळ

स्वाध्याय

१. कारणे लिहा :
(अ) हिमाचा कण गारेपेक्षा सावकाश खाली येतो.
(आ) हिमगोल उन्हात ठेवू नये.

२. पेर्झीला हिमगोलाची कल्पना कशी सुचली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

३. तुमच्या आवडत्या ऋतूची बरणी कशी बनवाल? साहित्य व कृती लिहा.