दह्याचा घट्ट डिप: तेलाशिवाय दाटपणा कसा येतो?

मेयोनीजमध्ये निम्म्याहून अधिक तेल असते व त्याचा दाटपणा तेलाच्या सूक्ष्म, घट्ट रचलेल्या थेंबांमुळे येतो. दह्याच्या डिपला तेल लागत नाही. त्यासाठी दह्यातले पाणी कमी करावे लागते. गॅसही लागत नाही, त्यामुळे हॉस्टेलमध्येही जमते.

दूध आंबून त्याचा सामू सुमारे ४.६ पर्यंत उतरला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून जाळे तयार होते. पाणी या जाळ्यात अडकलेले असते. दही स्वच्छ सुती कापडात बांधले की ते गुरुत्वाकर्षणाने हळूहळू गळते. उरतो तो चक्का, श्रीखंडाचाच. पुरचुंडी जोराने पिळू नये. दाब वाढला की प्रथिनेही कापडातून निसटतात. बाहेरच्या उष्णतेत दही आणखी आंबते, म्हणून पुरचुंडी चाळणीत, चाळणी भांड्यावर आणि सगळे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे.

चक्क्यात ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर व चवीपुरते मीठ घालून चमच्याने घोटावे. मिक्सर फिरवल्यास जाळे तुटते आणि डिप पातळ होतो. काकडी घालायची असेल तर किसून, मीठ लावून दहा मिनिटांनी पिळावी. परासरणामुळे मीठ तिच्यातले पाणी बाहेर ओढते; ते डिपमध्ये सुटण्यापेक्षा आधीच सुटलेले बरे. अशा वेळी चक्क्यात वेगळे मीठ बेतानेच.

गळलेल्या आंबट पाण्यात कॅल्शियम असते. त्यात पोळ्यांची कणीक भिजवता येते.