छोट्या निकाहसाठी फोटोग्राफर ठरवताना

इंग्रजीतील ‘इलोपमेंट’ हा शब्द पूर्वी घरातून पळून जाऊन केलेल्या लग्नासाठी वापरला जाई. आता अमेरिका-युरोपात दहा-बारा माणसांत, गाजावाजा न करता केलेल्या लग्नालाही हाच शब्द लावतात. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. असरच्या नमाजनंतर मशिदीत निकाह, खजुरांचे वाटप आणि घरी जवळच्या नातेवाईकांचे जेवण, एवढ्यावर अनेक घरांत लग्ने झाली आहेत. मे २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पंचवीस माणसांची व दोन तासांची मर्यादा आली, तेव्हा ज्यांना हॉलशिवाय लग्न सुचत नव्हते त्यांनाही हा मार्ग धरावा लागला. त्यातून खर्च वाचतो हे अनेकांना समजले.

फोटोग्राफर मात्र लोक अजून जुन्याच पद्धतीने ठरवतात. हॉलच्या लग्नाचे अल्बम करणारा जो ओळखीचा असेल, त्यालाच “काम थोडे आहे” म्हणून अर्ध्या दरात बोलावतात. काम थोडे असते हे खरे, पण ते वेगळे असते. हॉलमध्ये स्टेज असते, दिवे फोटोग्राफरचे स्वतःचे असतात आणि पाहुणे तीन-तीन तास रांगेत येत राहतात. एक फोटो बिघडला तर दुसरा घेता येतो. छोट्या निकाहमध्ये इजाब-कबूल, सह्या आणि दुआ मिळून थोड्या मिनिटांचा मामला. काझीसाहेबांना “जरा पुन्हा एकदा” असे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. नमुन्याचा अल्बम पाहून ठरवू नये. कापडाच्या धंद्यात आपण पट्टी पाहून सौदा करीत नाही, ठाण उघडून पाहतो. तसे फोटोग्राफरला म्हणावे की मशिदीत किंवा घरात झालेल्या एकाच निकाहचे सगळे फोटो, त्या घरच्यांची परवानगी असेल तर, पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवा. दहा लग्नांतले दहा उत्तम फोटो कोणीही दाखवील. एका निकाहच्या दीडशे फोटोंत सह्या करणारा हात स्पष्ट आहे का, साक्षीदारांचे चेहरे ओळखू येतात का, हे पाहावे.

दुसरी गोष्ट उजेडाची. मशिदीत खिडकीतून दिवसाचा उजेड येतो आणि वर ट्यूबलाईट किंवा एलईडी असतात. दोन्हींचा रंग वेगळा, त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट किंवा हिरवट येते. फ्लॅश छताकडे वळवून उजेड मऊ करण्याची युक्ती हॉलमध्ये चालते. उंच घुमटाखाली तो उजेड परत येतच नाही, आणि भिंत हिरवी रंगवलेली असेल तर हिरवा होऊन येतो. आपल्या वीजपुरवठ्यावर साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याचा वेग जास्त ठेवला तर फोटोत काळे पट्टे उमटतात. जो फोटोग्राफर आदल्या दिवशी त्याच वेळेला येऊन जागा पाहून जातो, त्याला थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नसते. इमामसाहेब व ट्रस्टी यांची परवानगीही त्याच भेटीत घ्यावी. कॅमेऱ्याबद्दल सर्वांचे मत एक नाही. खुतब्याच्या वेळी कॅमेरा खाली ठेवायचा की नाही, हे आधीच ठरलेले बरे.

आता कापडाविषयी, कारण तो माझा प्रांत आहे. गर्द लाल शरारा डिजिटल कॅमेऱ्यात लवकर ‘बसतो’, म्हणजे विणकाम व भरतकाम जाऊन नुसता लाल डाग उरतो. पांढऱ्या कापडात गिरणीतच चमक आणणारे रसायन घातलेले असते, त्यामुळे फ्लॅशखाली शेरवानी निळसर दिसते. जरी आणि टिकलीवर समोरून उजेड पडला की पांढरे ठिपके येतात, बाजूने पडला तर काम उठून दिसते. ज्या कारागिराने अड्ड्यावर बसून महिनाभर जरदोजी केली, त्याच्या मेहनतीचा हिशेब येथे होतो. फोटोग्राफरला कपडे आधी दाखवावेत आणि चेहरा न येता नुसत्या कामाचे दोन-तीन फोटो घ्यायला सांगावेत. कारागिराला पुढचे गिऱ्हाईक मिळवायला ते उपयोगी पडतात.

मुलीच्या खोलीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. वकील व साक्षीदार परवानगी घ्यायला जातात तेव्हा आत कोण फोटो काढणार? महिला फोटोग्राफर मिळत असेल तर उत्तम. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. पुष्कळ स्टुडिओ अल्बमची जुळवणी बाहेरच्या डिझायनरकडे पाठवतात, म्हणजे घरातल्या बायकांचे फोटो आपण कधी न पाहिलेल्या दुकानात जाऊन येतात. कोण जुळवणी करणार हे स्पष्ट विचारावे. कित्येकांना असा प्रश्नच सुचत नाही.

कायदा येथे गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. ‘उलट करार’ हा मात्र पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असू शकतो: फोटो जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील. ते वाक्य खोडून दोघांनी त्यावर सही करावी, आणि इन्स्टाग्रामवर काही टाकणार नाही असे हाताने लिहून घ्यावे.

छोट्या निकाहला साक्षीला माणसे थोडी, म्हणून फोटोचे वजन वाढते. विवाह नोंदणीच्या वेळी लग्नाचा फोटो मागतात. ब्रिटनसारख्या देशाच्या पती-पत्नी व्हिसासाठी नाते खरे असल्याचे पुरावे द्यावे लागतात, त्यांतही निकाहचे फोटो जोडले जातात. दोघे एकत्र, निकाहनाम्यावर सही करताना दोघे वेगवेगळे, आणि साक्षीदारांसह, एवढे फोटो झालेच पाहिजेत अशी चिठ्ठी फोटोग्राफरच्या हाती द्यावी. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवण्याची सोय असते. ती तो वापरतो का, तेही विचारावे. नाही म्हणाला तर दुसरा पाहावा.

बयाणा एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये, निकाहच्या दिवशी तेवढेच, आणि उरलेले सर्व मूळ फाईल हाती आल्यावर. रक्कम, तारीख, येणाऱ्या माणसाचे नाव आणि फोटो देण्याची मुदत पावतीवर असावी. मालक बोलतो आणि कामाला शिकाऊ मुलगा येतो, ही तक्रार फार ऐकू येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण तेथे पावती लागते. फाईल मिळाल्यावर दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून त्यांतील एक मुलीच्या माहेरी द्यावी. त्यानंतरच फोटोग्राफरला कार्ड पुसायला सांगावे.