इसबाचं मलम : आग झाली म्हणून फेकू नका



एरवी आपण बीज, जाळं अन् तलावाच्या पाण्यावर बोलतो. आज घरातल्या लेकरांच्या खाजेवर बोलू.

कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत लाल चट्टे, कोरडी कातडी, रात्रभर खाजवणं. हे बहुतेकदा इसब असतं, डॉक्टर त्याला अटोपिक डर्मटायटिस म्हणतात. रोगाशी लढणारी अंगातली ताकद विनाकारण कातडीवर भडकते. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. अन् डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय लेकराचे मासे बंद करू नका.

आपण काय करतो? मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणतो. दोन दिवसांत आराम पडतो, कारण त्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. डॉक्टरांच्या सांगण्याने थोडे दिवस लावलं तर ते चांगलं औषध आहे. पण मनाने महिनोन्‌महिने चोळलं तर कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

यावर दुसरं औषध आहे, टॅक्रोलिमस. 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते सापडलं. आधी किडनी-लिव्हर बदललेल्यांना देत, पुढे त्याचं मलम झालं. ते भडकलेली ताकद तिथल्या तिथे शांत करतं, अन् कातडी पातळ करत नाही. म्हणून चेहरा, पापण्या, मानेसाठी डॉक्टर ते देतात. 2 ते 15 वर्षांच्या लेकरांना 0.03 टक्क्यांचं, मोठ्यांना 0.1 टक्क्याचंही चालतं. दोन वर्षांखालच्या बाळाला मनाने लावू नका.

पहिले काही दिवस आग होते, चुरचुरतं. इथेच बरेच जण ट्यूब फेकून देतात. फेकू नका, बहुतेकांची आग आठवड्याभरात कमी होते. फारच झाली तर डॉक्टरांना विचारा. पू किंवा पाणी येत असेल तर मलम लावण्याआधी दाखवा.

आपलं काम उन्हातलं. मलम लावलेली जागा कपड्याने झाका. जाळं धुऊन आलात की साध्या पाण्याने हात धुवा, टिपून कोरडे करा, व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा.

आधी बोथच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, गरज पडली तर आदिलाबादच्या रिम्सला जा. शेजाऱ्याची ट्यूब मागून आणू नका, बरं का.

आपला,
सचिव