उंचीची पट्टी आणि बुद्धी

बुटका तो मठ्ठ, ही समजूत आपल्याकडे अजून जात नाही. वालीव नाक्यावर परवा एका आजीबाईंनी मला गाठलं. "भाऊ, नातवाची उंची खुंटलीय. डोकंही खुंटेल का हो?" जन्मभर बँकेतले आकडे तपासलेल्या माणसाला हा प्रश्न!

वाढीचं हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी सोडते, तेही मेंदूच्याच हुकमावरून. हा हुकूम ग्रंथीला ऐकूच येऊ नये, असा जनुकीय दोष १९९६ साली एका भारतीय कुटुंबात आढळला. १९९८ साली तोच दोष सिंधमधल्या १८ जणांत सापडला. त्यांच्यातल्या पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३० सेंटिमीटर. बुद्धी मात्र चारचौघांसारखी.

म्हणून मेंदूशी या हार्मोनचं काहीच नातं नाही, असंही नव्हे. स्मरणाचं काम पाहणाऱ्या भागातल्या पेशीही त्याला प्रतिसाद देतात. प्रौढपणी ते कमी पडलं, तर काहींना थकवा येतो, लक्ष लागत नाही.

गफलत होते ती बहुधा थायरॉइडमुळे. जन्मतःच ते कमी असलं आणि वेळीच औषध मिळालं नाही, तर उंची आणि बुद्धी दोन्ही खुंटतात. बाहेरून मात्र दोन्ही मुलं बुटकीच दिसतात. फरक कळतो तो रक्ताच्या तपासणीत.