लोकसभेचा सभासद आणि त्याचे मत

पानशेत हे गाव भोर विधानसभा मतदारसंघात व त्याद्वारे बारामती लोकसभा मतदारसंघात येते. नागरिकशास्त्राचा हा पाठ शिक्षकांनी येथूनच सुरू करावा.

लोकसभेत ५४३ निर्वाचित सभासद असून त्यांपैकी ४८ महाराष्ट्राचे आहेत. वयाची २५ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय मतदारास उमेदवार होता येते. त्यास पदवीची अट नाही.

सभागृहात मत देताना सभासदापुढे मतदारसंघाचे हित, पक्षाचा आदेश व स्वतःची विवेकबुद्धी या तीन गोष्टी असतात. त्या नेहमीच एका दिशेने जात नाहीत. कुलाब्याचे खासदार व तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ १९५६ साली मंत्रिपदाचा त्याग केला.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या प्रश्नांवरील मत बहुधा पक्षातच ठरते. तथापि प्रश्न विचारणे, भाषण करणे व दुरुस्त्या सुचवणे यांत सभासदास वाव असतोच. शिवाय एकेका मताचे मोलही मोठे आहे : १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा अवघ्या एका मताने पडले.

शाळेच्या एखाद्या प्रश्नावर वर्गात मतदान घ्यावे आणि प्रत्येक मुलाकडून मताचे कारण वदवून घ्यावे. शिक्षकाने मात्र कोणत्याही पक्षाची बाजू घेऊ नये. कारण देऊन मत देण्याची सवय लागलेला विद्यार्थीच पुढे आपल्या प्रतिनिधीस त्याच्या मताचे कारण विचारील.