घड्याळातला आकडा किती खरा?

वस्तीत हल्ली अनेकांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ दिसते. "ताई, आज 300 कॅलरी जाळल्या, एक वडापाव चालेल ना?" असे मला विचारतात.

घड्याळ कॅलरी मोजत नाही. नाडीचे ठोके, हाताची हालचाल आणि आपण भरलेले वय-वजन यांवरून ते अंदाज बांधते. 2017 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने अशी 7 उपकरणे तपासली. ठोके बहुतेकांनी बरोबर दाखवले. कॅलरीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी 27 टक्के चुकले.

60 किलोची बाई अर्धा तास भरभर चालली, तर साधारण 100 कॅलरी खर्च होतात. त्यातल्या 30 नुसते बसूनही गेल्याच असत्या. एका वडापावात 250 च्या आसपास, कधी जास्तच असतात. म्हणून महिनाभर चालूनही काटा हलत नाही, माणूस निराश होतो आणि चालणेच सोडतो. खरे नुकसान ते.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपणही पडताळू या. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी वजन करा. टेपने कंबर मोजा: बायकांची 80, पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत हवी. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चाला.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आकडा वाढवण्यासाठी जेवण टाळू नका. साखर एकदम उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.