आसन कोण शिकवतं: पान, आवाज की पडदा?

पतंजलींची योगसूत्रं १९५. काही प्रतींत १९६. त्यांतली आसनावर किती असावीत? फक्त तीन. दुसऱ्या पादातली ४६, ४७ आणि ४८. त्यांत एकाही आसनाचं नाव येत नाही, हात-पाय कुठे ठेवायचे याचा उल्लेखही नाही. आज वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत कुणी पहाटे अंगणात सतरंजी अंथरली आणि मोबाइलला नुसतं ‘भुजंगासन’ म्हटलं, की व्हिडिओंची रांग लागते. तीन सूत्रांपासून या रांगेपर्यंतचा प्रवास थक्क करणारा आहे. घरी योग करू पाहणाऱ्याला पडणारा प्रश्नही त्यातूनच सुटतो: शिकायचं कशावरून?

जुन्या ग्रंथांनी एवढं थोडकं लिहिलं, कारण धडा गुरूच्या हातात होता. श्लोक त्या धड्याची आठवण ठेवायचा. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेत पंधराच आसनं आहेत, आणि बहुतेकांचं वर्णन एखाद-दोन श्लोकांत आटोपतं. मग चित्र आलं. सोळाव्या शतकात मुहम्मद घौस ग्वालियरी या सूफी संताने योगावर ‘बह्र अल-हयात’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. १६०० च्या सुमारास शाहजादा सलीमसाठी, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहासाठी, त्याची सचित्र प्रत तयार झाली. आसनांची क्रमाने चित्रं दाखवणाऱ्या, आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तिची गणना होते. ती आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

विसाव्या शतकात आसनं सर्वांपर्यंत नेण्याचं काम महाराष्ट्राने हाती घेतलं. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली, ती संसारी माणसांसाठी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. आसन करताना शरीरात काय घडतं, ते उपकरणं लावून मोजायचं आणि छायाचित्रांसह छापायचं, ही त्यांची रीत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत नेले आणि त्यांवर इंग्रजीतही पुस्तक लिहिलं.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले, तेव्हा त्यांचं वय अठरा-एकोणीस होतं. त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्ये निघालं. जवळजवळ सहाशे छायाचित्रं, दोनशेच्या आसपास आसनं आणि शेवटी तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम! सहा वर्षांची शाळाच एका पुस्तकात बसवली होती. गुरू पुण्यात, शिष्य जगाच्या दुसऱ्या टोकाला एकटा, आणि मध्ये फक्त छापील पान. ते पान कित्येकांना पुरलं, याचं मला आजही नवल वाटतं.

विदर्भाने वेगळी वाट काढली. आष्टी नागपूर आणि अमरावतीच्या मधल्या पट्ट्यात येते, आणि दोन्हीकडे व्यायामाची जुनी परंपरा आहे. अमरावतीला १९१४ मध्ये स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. नागपूरला जनार्दन स्वामींनी योगाभ्यासी मंडळ उभं केलं. तिथे योग विनामूल्य शिकवतात. स्वामींच्या छोट्या पुस्तकाचं नाव ‘सुलभ सांघिक आसने’. आसनाचे टप्पे पाडायचे, त्यांना आकडे द्यायचे आणि आज्ञा दिली की साऱ्या वर्गाने एकदम करायचं. एका माणसाच्या आवाजावर मैदानभर माणसं एकाच वेळी वाकतात. पुढे बघायची गरज नाही, कान उघडे असले म्हणजे झालं.

कानाने शिकणं या मुलखाला नवं नाहीच. तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि भजनं ऐकून इथली गावं जागी झाली. इंग्रजांविरुद्धच्या १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाने आष्टीचं नाव देशभर गेलं, त्यामागेही त्या आवाजाचं बळ होतं.

म्हणजे वाटा चार: माणूस, पान, आवाज, पडदा. यांतली कोणती धरायची, हे समजायला आपलं शरीर शिकतं कसं ते पाहावं लागतं.

डोळे मिटा आणि बोटाने नाकाच्या शेंड्याला शिवा. बोट बरोबर पोचतं. डोळे मिटलेले असताना हात कुठे आहे हे कुणी सांगितलं? स्नायूंनी. जवळजवळ प्रत्येक स्नायूच्या आत बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, याची खबर ते सतत वर पाठवतात. ती खबर नेणारे मज्जातंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी आहेत. सेकंदाला सुमारे शंभर मीटर! पाहणं, ऐकणं, चव, वास आणि स्पर्श या पाचांपलीकडची ही जाण आहे. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये तिचं शास्त्रीय नामकरण केलं. आसन पक्कं होतं म्हणजे ही जाण पक्की होते. पान, आवाज आणि पडदा तिच्या दारापर्यंतच नेऊ शकतात.

सर्वांगासन घ्या. पाय आणि धड वर, भार खांद्यांवर, हनुवटी छातीशी, नजर छातीकडे. आता मोबाइल शेजारी तांब्याला टेकवून ठेवलाय असं धरा. पुढे काय करायचं ते बघायला मान वळवली, की वाकलेल्या आणि ओझ्याखालच्या मानेला पीळ बसतो. जे आसन मान स्थिर ठेवायला सांगतं, ते करताना पडदा मान वळवायला लावतो. इथे पडदा हा वाईट गुरू आणि आवाज हा चांगला. पुस्तक उघडं ठेवलं तरी तोच धोका. सर्वांगासन आधी नीट बघावं, मनात ठेवावं आणि मग नुसत्या आवाजावर किंवा आठवणीवर करावं.

पडद्याची आणखी एक गंमत आहे. समोर तोंड करून उभा असलेला शिक्षक ‘उजवा हात वर’ म्हणतो, तेव्हा त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. समोरच्याची नक्कल आपण आरशातल्यासारखी करतो. लहान मुलंही तशीच करतात. म्हणून डोळे डावा हात उचलायला सांगतात आणि कान उजवा. चांगला व्हिडिओ ओळखायची सोपी खूण हीच: शिक्षक पाठमोरा किंवा बाजूने उभा राहतो, किंवा आपल्या सोयीने बाजू उलटी करून दाखवतो. दुसरी खूण श्वासाची. शिकवणाऱ्याने श्वास केव्हा घ्यायचा ते सांगावं आणि थांबायला वेळ द्यावा. पडद्यावरचा माणूस थांबला नाही, तर आपला श्वास त्याच्या मागे धावत सुटतो.

आवाज निवडतानाही एक कसोटी आहे. हालचाल शिकताना लक्ष स्नायूकडे असावं की हालचालीच्या परिणामाकडे, यावर गॅब्रिएल वुल्फ या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकापासून पुष्कळ काम केलं. बहुतेक प्रयोगांत परिणामाकडे लक्ष देणारे लवकर आणि टिकाऊ शिकले. ‘मांडीचा स्नायू आवळा’ यापेक्षा ‘तळव्यांनी जमीन खाली दाबा’ ही सूचना शरीराला चटकन कळते. अशा सूचना देणारा आवाज निवडावा.

आणि माणूस? त्याची सर कशालाच नाही. खांदा कानाकडे चढलाय, पाठीची कमान झालीय, हे पुस्तक सांगत नाही, व्हिडिओलाही दिसत नाही. ते बघणारा लागतो. पण त्यालाही सीमा आहे. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले. दर वेळी चूक दाखवत राहिलं तर त्या क्षणी काम सुधारतं, पण सूचना बंद झाल्या की शिकलेलं टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिकणारा स्नायूंचं ऐकायचं सोडून सांगणाऱ्याचं ऐकत बसतो. रोज तोच व्हिडिओ लावूनच आसनं करणाऱ्यालाही हे लागू होतं.

तेव्हा आष्टीतल्या, किंवा अशा कुठल्याही गावातल्या घरासाठी क्रम साधा आहे. सुरुवातीला चार दिवस का होईना, जाणत्या माणसासमोर करा. वर्ग असेल तिथे जा, नाही तर नागपूर-अमरावतीला गेलात की शिकून या. मग मोजकी आसनं ठरवा. २०१५ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला, तेव्हापासून आयुष मंत्रालयाचा साधारण पाऊण तासाचा ठरीव क्रम सर्वांसाठी खुला आहे. नवख्याला तो पुरेसा आहे. व्हिडिओ आधी बसून पाहा, आसन करता करता नको. पुस्तकातल्या चित्रात शेवटची स्थिती निरखा. मग आवाजावर करा. तो घरातल्याच कुणी वाचून दिलेला असला तरी चालेल. रक्तदाब, काचबिंदू, मानेचं दुखणं किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटी आसनं करू नका. आणि कळ आली की तिथेच थांबा.

आठवड्यातून एक दिवस मात्र मोबाइल घरात ठेवा, पुस्तक मिटा, आणि जे आठवतं तेवढंच करा. त्या दिवशी जमलं तेवढंच खरोखर शिकलात. बाकीचं अजून उसनं आहे, आणि ते आपलं करायला पुढचा आठवडा आहेच.